वाळूतील वाट आणि स्थलनामे : जन्मस्थळाकडील एकाकी प्रवासाचे एक तौलनिक वाचन

१

जन्मस्थळाकडे परतणाऱ्या प्रवासाच्या कथनात वाळवंट आले की समीक्षा बहुधा त्याचे तत्काळ रूपक करून मोकळी होते. वाळवंट म्हणजे रितेपण, वाळवंट म्हणजे आत्मशोध, वाळवंट म्हणजे आधुनिक माणसाची परात्मता, अशी समीकरणे तिच्या हाताशी तयारच असतात. या समीकरणांत वाळवंटाचा एक अगदी साधा, भौतिक गुणधर्म नजरेआड होतो. वाळूत वाट टिकत नाही. शेतीवाडीच्या प्रदेशात गावी परतणाऱ्याला ओढा, बांध, पार, वेस अशी खुणांची साखळी सापडते. ती पडझड झालेली असली तरी तिच्या आधाराने त्याचे पाऊल पुढे पडते. वाळवंटात वारा ठसे पुसतो, टेकड्या जागा बदलतात, तळ उठतात. परतणाऱ्याजवळ मग एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नाव. तळाचे नाव, विहिरीचे नाव, ज्या झुडपाखाली माणसे बसली त्या झुडपाचे नाव. वाळवंटातून जन्मस्थळाकडे जाणाऱ्या कथनांत स्थलनाम हा वर्णनाचा अलंकार नसून प्रत्यक्ष मार्ग असतो, आणि म्हणूनच त्या कथनातील सगळा संघर्ष नावाभोवती घडतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

त्यासाठी चार कलाकृती समोर ठेवल्या आहेत. इस्लामपूर्व अरबी कसीदा, शाह अब्दुल लतीफ भिटाई यांच्या 'रिसालो'मधील 'सुर मारुई', विम वेंडर्स यांचा १९८४ चा 'पॅरिस, टेक्सस' हा चित्रपट आणि मुरीद बरघूती यांचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले 'रऐतु रामल्लाह' हे आत्मपर गद्य. काळ, भाषा, माध्यम या कोणत्याच बाबतीत या कृती एका रांगेत बसत नाहीत. कसीदा आणि बरघूती यांच्यात परंपरेचे नाते आहे. बाकीच्यांत तसे काही सांगता येणार नाही. तेव्हा हा प्रभावाचा अभ्यास नव्हे. एकाच भौतिक अडचणीला चार वाङ्मयीन व्यवस्थांनी दिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहणे एवढाच त्याचा हेतू आहे. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' (२०१८) ही कादंबरी या विषयाच्या अगदी जवळची असूनही बाजूला ठेवली आहे, कारण तिच्यातील सीमेपलीकडचा प्रवास आई आणि मुलगी यांचा आहे. एकट्याने जाण्याचा प्रश्न तिथे वेगळ्या रीतीने उभा राहतो.

२

नवव्या शतकातील इब्न कुतैबाने कसीद्याची जी घडण सांगितली ती पुढे आदर्श मानली गेली. कवी प्रथम उठून गेलेल्या तळाच्या अवशेषांपाशी थांबतो, रडतो, सोबत्याला थांबण्यास सांगतो, तिथून गेलेल्यांची आठवण काढतो. मग प्रेमाविषयी बोलतो. मग उन्हातला आणि रात्रीचा प्रवास, स्वतःची दमणूक, सांडणीचे झिजणे येते. शेवटी स्तुती. यातील पहिल्या भागाला 'नसीब' आणि मधल्या प्रवासाला 'रहील' म्हणतात. प्रत्यक्षातली सगळीच काव्ये या चौकटीत बसत नाहीत, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. तरीही चौकट म्हणून ती उपयुक्त आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अवशेषांपाशी थांबलेला कवी जन्मगावी आलेला नसतो. तो प्रियेच्या टोळीच्या उठून गेलेल्या तळावर उभा असतो. भटक्या पशुपालकांच्या जीवनात स्थिर असे जन्मगावच नसते. ऋतुमानानुसार तळ बदलतो, आणि ज्या तळावर जन्म झाला तो पुढच्या वर्षी वाळूत मिसळून गेलेला असतो. पण त्यामुळेच कसीदा या विषयाच्या मुळाशी जाऊन भिडतो. जिथे घर ही वस्तू नाहीच तिथे 'परत येणे' म्हणजे काय, हा प्रश्न तो उघडपणे मांडतो. इम्रु अल्-कैसच्या मुअल्लकेच्या आरंभीच सिक्त अल्-लिवा, दखूल, हौमल, तूदिह, मिक्रात अशी पाच स्थलनामे लागोपाठ येतात. अरबी न जाणणाऱ्या वाचकाला ती निव्वळ नादमधुर वाटतात आणि अनुवादक त्यांना टळू न शकणारी अडचण मानतात. पण या नावांचे काम एखाद्या दस्तऐवजातील चतुःसीमेसारखे आहे. अमुक आणि तमुक यांच्या मध्ये, वाऱ्याने अजून पूर्ण न पुसलेला, असा तो तळ आहे. जागेवर खूण नाही, म्हणून जागेच्या भोवती नावांचे कुंपण घातले जाते.

लबीदच्या मुअल्लकेत ही गोष्ट आणखी एका पायरीने पुढे जाते. तिथे पुरामुळे उघडे पडलेले अवशेष पुसट झालेल्या लेखनावरून पुन्हा लेखणी फिरवावी तसे दिसतात, आणि मग गोंदणाचीही उपमा येते. लेखन आणि गोंदण या दोन्ही प्रतिमा सूचक आहेत. भूमी हे वाचावयाचे पृष्ठ होते आणि वाचणारा एकटाच असतो. कवी दगडांना प्रश्न विचारतो आणि दगड उत्तर देत नाहीत, हेही तो स्वतःच सांगतो. सुझान पिंकनी स्टेटकेविच यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात कसीद्याची ही त्रिखंड रचना व्हान गेनेपच्या संक्रमण-विधीशी जोडली : विलग होणे, उंबरठ्यावर असणे, पुन्हा सामील होणे. ही मांडणी समर्थ आहे. मात्र तिच्यात रहील ही केवळ मधली अवस्था ठरते, आणि तिच्यात कवी नेमका कोणाशी बोलतो याकडे दुर्लक्ष होते. इम्रु अल्-कैस थांबण्याची विनंती करतो ती द्विवचनात, दोघा सोबत्यांना. हे दोघे पुढे कुठेही पात्रे म्हणून वावरत नाहीत. प्राचीन टीकाकारांनी या द्विवचनाची अनेक स्पष्टीकरणे दिली आहेत. वाळवंटातील एकट्या माणसाला बोलण्यासाठी व्याकरणातून माणसे निर्माण करावी लागतात, हे त्या द्विवचनाचे एक साधे स्पष्टीकरण असू शकते. एकाकी प्रवासाचे कथन करावयाचे म्हटले की कथनाला श्रोता हवाच. हा पेच पुढे बरघूतींच्या गद्यातही दिसेल.

या नावांचे पुढे काय झाले? तेराव्या शतकात याकूत अल्-हमवी याने 'मुअजम अल्-बुल्दान' हा प्रचंड भौगोलिक कोश सिद्ध केला. त्यात एखादे स्थळ कुठे आहे हे सांगताना तो पुन्हा पुन्हा जुन्या काव्याचा दाखला देतो. म्हणजे जागेमुळे कवितेतले नाव खरे ठरत नाही, कवितेमुळे जागा अस्तित्वात राहते. मराठी वाचकाला ही उलटापालट अपरिचित वाटू नये. चौदाव्या शतकातील महानुभावांची 'स्थानपोथी' नेमके हेच करते. चक्रधरस्वामींचे जिथे जिथे वास्तव्य झाले त्या स्थळांची ती नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेचे, दार कुठे, बसण्याची जागा कोणती, अशा तपशिलाने ती स्थळे निश्चित केलेली आहेत. देवळे पडली तरी पोथीच्या आधाराने स्थान शोधता यावे, अशी तिची रचना आहे. 'लीळाचरित्रा'चा पहिला भाग 'एकांक' या नावाने ओळखला जातो. तो स्वामींच्या एकट्याच्या भ्रमंतीचा काळ आहे, आणि म्हाइंभटांनी त्याची जुळवाजुळव इतरांच्या आठवणींतून केली. एकट्याच्या प्रवासाला साक्षीदार नसतो. साक्ष द्यावी लागते ती स्थळांच्या नावांनाच. भरूचहून निघालेले चक्रधर जन्मस्थळी परतण्याची मुळीच इच्छा धरीत नाहीत, हा मोठा भेद अर्थात आहे. त्यांच्या बाबतीत परततात ते अनुयायी, आणि तेही स्वामींच्या जन्माकडे नव्हे, त्यांच्या पाऊलखुणांकडे.

३

'सुर मारुई'त प्रवासच नाही. येथवरच्या विवेचनाला हा सर्वांत मोठा अपवाद वाटेल, पण खरे तर तो सर्वांत कठोर पुरावा आहे.

कथा सिंधमध्ये सर्वश्रुत आहे. थरच्या वाळवंटातील मलीर प्रदेशातली मारुई ही पशुपालक मारू लोकांतली मुलगी. उमरकोटचा सूमरो राजा उमर तिला विहिरीवरून पळवून नेतो आणि किल्ल्यात ठेवतो. रेशमी वस्त्रे, दागिने, राणीपद यांपैकी काहीही ती स्वीकारत नाही. ती केस धूत नाही, अंगावरची लोई म्हणजे लोकरीची जाडीभरडी घोंगडी सोडत नाही. आख्यायिकेत शेवटी उमर तिला मोकळे करतो. परंतु लतीफ (निधन १७५२) यांचा भर मुक्ततेवर नाही, तो कैदेतल्या बोलण्यावर आहे. परतीची वाट तिथे एका पावलानेही चालली जात नाही. ती केवळ उच्चारली जाते.

आणि ती उच्चारली जाते ती नावांनी. माणसांची नावे, जनावरांची, पावसानंतर उगवणाऱ्या गवतांची, वेचून खाण्याच्या रानदाण्यांची. कसीद्यातील नावे भूगोलाची आहेत. मारुईची नावे पोटाची आहेत. 'ॾथु' हा तिच्या बोलण्यातला शब्द रानात आपोआप उगवणाऱ्या, वेचून शिजवावयाच्या धान्याचा वाचक आहे. नागर श्रोत्याला तो दारिद्र्याची खूण वाटावा, पण मारुईच्या तोंडी तो मालमत्तेचा शब्द होतो. राजाच्या कोठारातले अन्न नाकारण्याची तिची ताकद या एका शब्दात आहे. वाळवंट रिते आहे ही कल्पनाच मुळी बाहेरच्याची असते, हे यावरून लक्षात येते. ज्याला नावे ठाऊक आहेत त्याला तो प्रदेश भरलेला दिसतो. अमेरिकी चित्रपटातील भव्य, निर्मनुष्य वाळवंट आणि मारुईचा थर यांतला फरक भूप्रदेशाचा कमी आणि शब्दसंग्रहाचा अधिक आहे.

स्वतः जिवंत परतू शकलो नाही तर आपले कलेवर तरी मलीरला पाठवावे, थरची थंड माती त्यावर पडावी, अशी तिची मागणी आहे. सूफी अर्थाने मलीर म्हणजे आत्म्याचे मूळ स्थान, किल्ला म्हणजे संसार, असे वाचन रूढ आहे आणि ते लतीफ यांच्या दृष्टीला धरूनच आहे. तरीही त्या वाचनाची घाई झाली की लोई, ॾथु आणि शेळ्या-मेंढ्या ही सगळी सामग्री पायरीसारखी वापरून मागे टाकली जाते. मारुईला ते मान्य झाले नसते. तिचा आग्रह अमूर्त घरासाठी नाही. तिला हवी आहे ती अमुक विहीर, अमुक माणसे.

मराठीत याची तुलना सहज सुचते ती माहेराशी. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या वाटेवरची गावे नावानिशी येतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेतही माहेरची तापलेली वाट आहे, आणि तिचे चटके मायेपुढे सुसह्य होतात. स्त्रीला जन्मस्थळ सोडावे लागते हे गृहीत धरणाऱ्या समाजात जन्मस्थळाची कविता बव्हंशी स्त्रीची असणार, यात नवल नाही. पण साम्य इथे थांबते. सासुरवाशिणीची कविता परत सासरी येण्याचे मान्य करून माहेराला जाते. मारुई ते मान्यच करीत नाही. उमरकोट हे तिचे सासर नाही, ते केवळ बंदिस्त ठिकाण आहे. म्हणून तिच्या नावांच्या यादीला ओवीतला हळवेपणा नाही; साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला करारीपणा आहे. (ज्या उमरकोटात ती परकी आहे तेच १५४२ मध्ये अकबराचे जन्मस्थळ झाले. वाळवंट तुडवीत आलेल्या निर्वासित हुमायूनला तिथे आसरा मिळाला होता. एकाची कैद ती दुसऱ्याची जन्मभूमी, ही इतिहासाची गाठ सिंधी वाचकाच्या मनात असतेच.)

४

'पॅरिस, टेक्सस'ची संहिता सॅम शेपर्ड या नाटककाराची आहे, आणि या लेखात चित्रपटाला जागा मिळते ती याही कारणाने. आरंभी टेक्ससच्या दक्षिणेकडील उघड्या-बोडक्या वाळवंटातून एक माणूस चालत येतो. लाल टोपी, मळलेला कोट, हातात पाण्याचा रिकामा होत चाललेला डबा. तो रस्त्याने चालत नाही. चार वर्षे नाहीसा झालेला हा ट्रॅव्हिस बोलतही नाही. त्याचा भाऊ वॉल्ट त्याला न्यायला येतो. तो पुन्हा पळतो आणि रेल्वेच्या रुळांवरून सरळ चालू लागतो. भावाला पुढे काहीच दिसत नाही. ट्रॅव्हिसला तिथे काय दिसते हे त्याच्या पहिल्या शब्दावरून कळते. पुष्कळ वेळाने त्याच्या तोंडून जो पहिला शब्द निघतो तो 'पॅरिस' हा आहे. ज्याची बायको फ्रेंच आहे असा वॉल्ट त्याचा अर्थ फ्रान्समधले शहर असाच घेतो.

पॅरिस हे टेक्सस राज्यातलेही एक गाव आहे. आईवडिलांचे प्रथम मीलन तिथे झाले आणि म्हणून आपल्या अस्तित्वाचा आरंभ तिथलाच, असे ट्रॅव्हिस मानतो. तिथला एक भूखंड त्याने टपालाने विकत घेतला आहे आणि त्याचे चुरगळलेले छायाचित्र तो खिशात बाळगतो. छायाचित्रात मोकळी, धुळकट, ओसाड जागा आहे. जन्मस्थळाची ओढ येथे जन्माच्याही मागे, गर्भधारणेपर्यंत नेलेली आहे. मारुईजवळ नावे आहेत आणि जागा तिच्या माहितीची आहे. ट्रॅव्हिसजवळ एकच नाव आहे आणि ती जागा त्याने कधी अनुभवलेली नाही. खरे पॅरिस टेक्सासच्या ईशान्य भागात, वाळवंटापासून दूर, पावसाच्या प्रदेशात आहे. चित्रपट तिथे कधीच जात नाही. ट्रॅव्हिसने वाळवंट तुडवले ते वाळवंटात नसलेल्या गावासाठी, हे नकाशा उघडल्याशिवाय प्रेक्षकाला कळत नाही.

नावाविषयीचे या लेखातले प्रतिपादन येथे अडखळते, आणि ते अडखळणे महत्त्वाचे आहे. ट्रॅव्हिस पुढे आपल्या मुलाला, हंटरला, एक गोष्ट सांगतो. त्याचे वडील लोकांना आपली बायको पॅरिसची आहे असे सांगत, क्षणभर थांबत आणि मग 'टेक्सस' हा शब्द जोडून हशा मिळवत. हळूहळू तो विराम लांबला आणि वडिलांना स्वतःलाच ते खरे वाटू लागले. समोरची साधी, भिडस्त बाई त्यांना दिसेनाशी झाली. दिसू लागली ती त्या नावातली कल्पित नटवी स्त्री. नाव येथे वाट दाखवत नाही, माणूस झाकते. ट्रॅव्हिसने स्वतः जेनशी जे केले, तिच्याविषयीच्या कल्पनेने झपाटून तिला जवळजवळ कैदेत ठेवले, ते याच आजाराचे पुढचे रूप आहे. जेनच्या बाजूने पाहिले तर ट्रॅव्हिस हा मारुईच्या कथेतला उमर आहे. पळून गेलेली, आगीतून वाचलेली ती आहे; मात्र वाळवंटात भटकण्याचे वाङ्मयीन वैभव त्याच्या वाट्याला आले आहे. कसीद्यातही हेच घडते. तळ प्रियेचा, नाव प्रियेचे, आणि बोलतो तो कवी. जन्मस्थळाकडील एकाकी प्रवासाचे गुणगान करणाऱ्या समीक्षेने या विषमतेकडे पुरेसे पाहिलेले नाही. पुरुषाला वाट मिळते आणि स्त्रीला ठिकाण, हा वाटपाचा नियम चौदाशे वर्षांच्या अंतरानेही फारसा बदललेला दिसत नाही.

चित्रपटाचे श्रेय हे की तो या नियमाशी शेवटी झगडतो. ट्रॅव्हिस विमानात बसायला नकार देतो, भाड्याने घेतलेली तीच मोटार पुन्हा हवी म्हणून हटून बसतो, पुढे मुलाला घेऊन ह्यूस्टनपर्यंत जातो. पॅरिस हे नाव त्याच्या बोलण्यातून विरत जाते. ह्यूस्टनमध्ये एका बाजूने पारदर्शक आणि दुसऱ्या बाजूने आरसा असणाऱ्या काचेआड तो जेनला भेटतो आणि दूरध्वनीवरून तिला तिचीच गोष्ट तिऱ्हाइताची म्हणून सांगतो. कोणाचेही नाव न घेता सांगितलेल्या त्या गोष्टीतून ती त्याला ओळखते. नावाने झाकलेले माणूस नाव काढून घेतल्यावर दिसते. मुलगा आईकडे पोहोचतो. ट्रॅव्हिस रात्री एकटाच मोटार हाकत निघून जातो, आणि या वेळी त्याच्या प्रवासाला कोणतेही गाव नाही.

५

बरघूती यांचा जन्म १९४४ मध्ये रामल्लाहजवळच्या दैर घस्साना या गावी झाला. १९६७ च्या जूनमध्ये कैरो विद्यापीठात त्यांची अंतिम परीक्षा चालू असताना युद्ध झाले आणि गावाची वाट बंद झाली. १९९६ मध्ये, तीस वर्षांनी, ते अम्मानहून जॉर्डन नदीवरच्या पुलाशी आले. हातात छोटी पिशवी, सोबत कोणी नाही. त्यांच्या पुस्तकाची सुरुवात या पुलावरच होते. अहदाफ सूएफ यांनी त्याचा केलेला इंग्रजी अनुवाद २००० मध्ये एडवर्ड सईद यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. बरघूतींचे निधन २०२१ मध्ये झाले.

हा प्रवास अंतराने लहान आहे. मोटारीने काही तासांचा. पण नावाची बाब येथे सर्वांत तीव्र होते. एकाच पुलाला किती नावे आहेत याची बरघूती यादीच देतात. गाण्यात तो परतीचा पूल आहे, जॉर्डनच्या लेखी राजा हुसेनचा, पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या लेखी करामा, वाहनचालकांच्या तोंडी अॅलनबी. घरातल्या वृद्ध स्त्रियांसाठी मात्र तो नुसता 'पूल' आहे. इम्रु अल्-कैसची पाच नावे एका जागेच्या चारी बाजूंनी उभी राहून तिला राखतात. येथे पाच नावे एकाच जागेवर चढून तिला चिरडतात. प्रत्येक नावामागे एक सत्ता किंवा एक समूह आहे. अशा वेळी सर्वांत टिकाऊ ठरते ते आजीचे विशेषण नसलेले सामान्यनाम, कारण ज्याला एकच पूल ठाऊक आहे त्याला त्याचे नाव घ्यावे लागत नाही.

पुलापलीकडे गेल्यावर बरघूतींना बोडक्या, खडूसारख्या पांढुरक्या टेकड्या दिसतात. ते चमकतात. कैरोत आपण मित्रांना आपला देश हिरवा, झाडाझुडपांचा, रानफुलांचा म्हणून सांगत होतो; मग आपण इतकी वर्षे लोकांना खोटे सांगत होतो काय? वाहनाला वेगळी वाट घ्यावी लागली म्हणून असे दिसते की आपणच कधी नीट पाहिले नव्हते, याचा ते विचार करू लागतात. हा प्रसंग ट्रॅव्हिसच्या छायाचित्राशेजारी ठेवावा. ट्रॅव्हिसच्या खिशातली ओसाड जागा प्रत्यक्षात पावसाच्या प्रदेशातली आहे. बरघूतींच्या आठवणीतला हिरवा देश प्रत्यक्षात, निदान या वाटेवर, उजाड आहे. दोघांनाही स्मृतीने चुकीचा ऋतू दिला. फरक एवढाच, आणि तो निर्णायक आहे, की बरघूती पोहोचतात, तपासतात, आणि स्वतःची साक्ष दुरुस्त करतात. त्यांच्या गद्याला आत्मकरुणेपासून वाचवते ती ही दुरुस्तीची सवय.

एकटेपणाचा कसीद्यातला पेचही येथे सुटतो, पण विदारक रीतीने. पुलावरच्या प्रतीक्षागृहात निवेदक एकटा बसलेला असताना मृत माणसे येऊ लागतात. आप्त येतात, स्वदेशाबाहेर मरण पावलेले लेखक-कलावंत येतात. थोरला भाऊ मुनीफ येतो. त्याला याच पुलावरून परत पाठवण्यात आले होते आणि १९९३ मध्ये पॅरिसमध्ये, फ्रान्समधल्या पॅरिसमध्ये, त्याचा मृत्यू झाला. अरबी काव्याने द्विवचनातून निर्माण केलेले ते दोन सोबती येथे ओळखीचे चेहरे घेऊन हजर होतात.

बरघूतींचे गाव जागेवर होते. ज्यांची गावे १९४८ मध्ये रिकामी झाली आणि बहुतांशी पाडली गेली त्यांच्या बाबतीत नावाचे काम आणखी वाढते. वलीद खालिदी यांनी संपादित केलेल्या १९९२ च्या ग्रंथात अशा ४१८ गावांची गावनिहाय नोंद आहे. त्यातील पुष्कळ जागांना आज हिब्रू नावे आहेत. याकूतच्या कोशाची ही विसाव्या शतकातली जातकुळी आहे, फक्त कवितेच्या दाखल्यांच्या जागी लोकसंख्या, जमीन आणि घरांची संख्या आली आहे.

६

यावरून अनुवादाविषयी, म्हणजे तौलनिक अभ्यासाच्या रोजच्या कामाविषयी, काही म्हणणे भाग आहे. अशा कृतींचे अनुवाद करताना स्थलनामे आणि वनस्पतिनामे हा बहुधा कापण्याचा पहिला मजकूर असतो. वाचकाला ती जड जातील म्हणून त्यांच्या जागी 'ते ठिकाण', 'रानफळे', 'गवत' अशी सामान्यनामे येतात. दुसऱ्या टोकाला तळटिपा देऊन नावांना संग्रहालयात ठेवले जाते. दोन्ही पद्धतींत एक चूक समान आहे : नाव हे आशयाचे ओझे मानलेले असते. सामान्यनाम बरघूतींच्या आजीने वापरले तर ते सर्वांत जवळचे नाव असते. अनुवादकाने वापरले तर ती वाट पुसण्याची क्रिया होते. हा भेद शब्दाचा नाही, कोण बोलते याचा आहे.

मारुईच्या नावांचे पुढे जे झाले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. फाळणीनंतर सिंधी हिंदू मोठ्या संख्येने मुंबई इलाख्यात आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत वसलेल्या निर्वासितांचे पुढे उल्हासनगर झाले. उमरकोट आणि थर त्यांना पारखे झाले. राजस्थानातील मुनाबाव ते सिंधमधील खोखरापार हा रेल्वेमार्ग १९६५ च्या युद्धात बंद पडला. २००६ मध्ये थर एक्स्प्रेस सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तीही थांबली. प्रत्यक्ष वाट अशी उघडत आणि मिटत असताना 'सुर मारुई' मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना गायला जात राहिला. भारतात सिंधीसाठी अरबी-सिंधी आणि देवनागरी या दोन्ही लिप्या चालतात. कोणती असावी हा वाद दीर्घकाळ चालला, आणि नव्या पिढीतील पुष्कळांना आज देवनागरीच वाचता येते. सिंधीतील ग, ज, ड, ब यांचे श्वास आत ओढून उच्चारले जाणारे प्रकार हिंदी-मराठीच्या देवनागरीत नाहीत. त्यांच्यासाठी अक्षराखाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ ही चिन्हे घ्यावी लागली. छापखान्यात ती रेघ गळाली की ॾथु चा डथु होतो, आणि थरमध्ये त्या नावाचे काहीही उगवत नाही.